अंजनाच्या अंगावरचे डाग

धनज,
ता. १३ मार्च १९७३

माणिकरावजी यांस देवमनचा जय भीम.

अंजना रविवारी सुखरूप पोचली. भागिरथाच्या डोळ्याची पट्टी सुटायला अजून आठ दिवस आहेत, तोवर लेक हाताशी आहे याचा तिला मोठा आधार वाटतो. एवढंच लिहून पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

काल सकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. बाह्या वर सारल्या होत्या. डाव्या दंडावर चार निळे-काळे डाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. कोणी बोटं रुतवून धरावं तसे. मांडीवर तळहाताएवढा जुना, पिवळा पडत चाललेला डाग आहे, तो तिच्या चुलतीनं पाहिला. मी विचारलं, "हे कायनं झालं?"

"लागलं असंन कुठीतरी, बाबा."

"कुठी?"

"ध्यानात नाही."

माझी लेक सातवी पास आहे. एवढं लागलेलं तिच्या ध्यानात राहत नाही, यावर मी विश्वास ठेवावा काय?

डिसेंबरात मुदतीच्या तापातून मी तिला उठवली. जानेवारीत तुमचा भिवाजी तिला घेऊन गेला तेव्हा ती अशक्त होती, पण तोंडावर तजेला होता. आता चेहरा राखेसारखा झाला आहे. अंगणातून ओट्यावर चढली तरी भिंतीला हात लावून उभी राहते. दुष्काळ सगळ्यांनाच आहे. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आम्हीही खातो. त्यानं माणूस वाळतो, अंगावर बोटांचे वळ उठत नाहीत.

तुम्हाला माहीत नसेल, मला एक थोरली बहीण होती, गंगू. ती माहेरी यायची तेव्हा तिच्या पाठीवरचे डाग आम्ही सगळे पाहत होतो. आई पाहत होती, वडील पाहत होते, मीही पाहत होतो. कोणी विचारलं नाही. तिनं सासरच्या विहिरीत उडी घेतली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. म्हणून यावेळी मी विचारतो आहे. तुमच्या घरात माझ्या मुलीला कोण मारतं?

उत्तर येईपर्यंत अंजना इथेच राहील.

देवमन


जऊळका स्टेशन,
ता. २१ मार्च १९७३

देवमन गुरुजीले माणिकरावचा जय भीम.

तुमचं पत्र भेटलं. एकदा वाचलं, मंग ड्यूटीवर गेलो, आल्यावर फिरून वाचलं. गुरुजी, मी काटेवाला माणूस, गाडी आली की रुळाचा काटा फिरवतो. चौथी शिकलो. तुमच्यासारखं लिवता येत नाई, म्हणून सरळ लिवतो. आमच्या घरात सुनेवर कोणी हात उचलत नाई. आजवर नाई उचलला.

म्या भिवाजीले समोर उभा केला. म्हटलं, "खरं सांग, तिले मारलं का तुनं?" तो म्हणे, "बाबा, मी तिले भरला हंडा उचलू देत नाई. मारीन कायले?" अन् उठून गेला. रुळाच्या गँगमधून आल्यावर जेवला नाई. दुसऱ्या दिवशीबी नाई.

आता जे खरं हाय ते सांगतो. तिची सासू चंदाबाई तिले बोलली हाय. आळशी म्हणली. कारण असं का जानेवारीपासून पोरगी स्टेशनच्या नळावरून येता येता दोनदा खाली बसे. छातीत धडधडते म्हणे, कानात आवाज येते म्हणे. आमाले वाटलं, तापानं थकली हाय, होईन बरी. इथल्या दवाखान्यातून ताकदीच्या गोळ्या आणल्या. दोन महिने खाल्ल्या. फरक नाई. राखुंडीनं दात घासले की थुंकीत रक्त ये. एकदा नाकातून आलं ते दुपारपर्यंत थांबलं नाई. अजून एक, बाईमानसाची गोष्ट हाय, लिवाव का नाई समजत नाई, पण तुमी बाप हा. चंदाबाई म्हणते का महिन्याच्या वेळेस तिचं लय जाते, दहा-दहा दिवस जाते.

तुमी तिच्यासंगं दिलेल्या तापाच्या गोळ्याईनं ताप उतरे, पण आठ-पंधरा दिवसानं फिरून ये.

तुमची बहीण गेली त्याचं आयकून वाईट वाटलं. पण गुरुजी, तिच्या सासरच्या लोकाईच्या पापासाठी मले उभं करू नोका. तुमी या. माह्या घरी चार दिवस राहा. आजूबाजूले इचारा. मंग बोला.

माणिकराव


धनज,
ता. ४ एप्रिल १९७३

माणिकरावजी,

पत्र मिळालं. मारणारा मारलं असं कधी लिहून देत नाही, हे शाळेत बावीस वर्षं मुलं सांभाळताना मी शिकलो आहे. नाकातून रक्त येतं, दातांतून येतं, असं तुम्ही स्वतःच लिहिता. कशानं येतं ते मी समजतो.

मला तिथे येऊन चौकशी करायची नाही. अंजना इथे सुखात आहे. तिला रोज दूध देतो, गूळ-शेंगदाणे देतो. तिची काळजी घ्यायला आम्ही दोघं आहोत. भिवाजी परवा इथवर आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला. पुन्हा येऊ नये.

यापुढे पत्रव्यवहार नको.

देवमन


कामरगाव,
ता. ९ मे १९७३

माणिकरावजी यांस,

पत्रव्यवहार नको असं लिहिणारा मीच, आणि आज दवाखान्याच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितो आहे. वाचाल अशी आशा आहे. पत्र फाडून टाकलंत तरी मला बोलायला तोंड नाही.

गेल्या बुधवारी सकाळी अंजना ओट्यावरून उतरताना डोळ्यापुढं अंधारी येऊन कलली. मी तिचं मनगट धरलं आणि तिला सावरलं. जोरात धरलं नव्हतं. पडणाऱ्या माणसाला धरावं तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मनगटावर चार काळेनिळे डाग होते, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा पाचवा.

माझीच बोटं होती, माणिकरावजी. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला.

अंजना माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "दुखत नाही, बाबा." मी शाळेत गेलो, हजेरी घेतली, मुलांना गणितं घातली, आणि अर्ध्या दुपारी शाळा सोडून घरी आलो.

मग सांगितलं तिनं. इथे आल्यापासूनही डाग पडत होतेच. आमच्या घरात, दूध-गूळ खाऊन. लुगड्याच्या काठाखाली ती ते झाकत होती. पायांवर बारीक लाल ठिपके आले होते, टाचणीच्या टोकाएवढे. भागिरथाला ते हातानं खरबरीत लागले नाहीत, तरी उन्हाळ्याच्या घामोळ्या समजून ती त्यावर मुलतानी माती लावत राहिली. तिच्या डोळ्यांना अजून नीट दिसत नाही. मला दिसतं, पण मी पाहिलं नाही. मी फक्त तुमच्यावर रागावत होतो.

काल तिला एस.टी.नं इथे आणलं. इथे गोमतीबाई म्हणून वयस्क नर्स आहेत, आधी अमरावतीला होत्या. डॉक्टर दौऱ्यावर होते, म्हणून त्यांनीच तपासलं. खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढरी होती, कागदासारखी. नखं पाहिली. पायावरच्या ठिपक्यांवर बोट दाबून धरलं आणि काढलं. ठिपके जसेच्या तसे.

"घामोळी असती, पुरळ असतं, तर दाबल्यावर फिकं पडलं असतं," त्या म्हणाल्या. "हे कातडीखाली सांडलेलं रक्त हाय."

मग त्यांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली नाही, कावीळ नाही. तोंड उघडायला लावलं. टाळूला फोड होते, हिरड्यांच्या कडेला रक्त सुकलेलं होतं.

मी म्हटलं, "रक्ताची कमी असंन. बाया-पोरीईले राहतेच."

त्या थकलेल्या होत्या. बाहेर तीस बाया बसल्या होत्या. तरी त्यांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, नुसती रक्ताची कमी असती तर पोरगी पांढरी पडली असती, थकली असती. डाग नसते पडले. नुसते डाग असते तर मी दुसरं काही समजली असती. नुसता ताप असता तर मलेरिया म्हटलं असतं. हिले तिन्ही संगंच हाय. थकवा हाय, जागोजागचं रक्त हाय, अन् न हटणारा ताप हाय. मी अमरावतीले अशी एक पोरगी पाह्यली होती. हाडाच्या आत जिथं रक्त तयार होते, तिथंच काम बंद पडते. इथं काही होणार नाही. नागपूरले न्या. उद्याच न्या."

मी विचारलं, "ती पोरगी बरी झाली?"

त्या म्हणाल्या, "गाडी किती वाजताची हाय ते पाहा."

आम्ही आज मूर्तिजापूरहून नागपूरची गाडी धरतो. मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ. भिवाजीला पाठवा. मी त्याला दारातून परत पाठवलं होतं, आता मीच बोलावतो आहे. तुमची, चंदाबाईंची आणि त्याची माफी मागण्यासारखे शब्द मला सापडत नाहीत.

तुमचा अपराधी,
देवमन


जऊळका स्टेशन,
ता. १४ मे १९७३

देवमन गुरुजीले जय भीम.

पत्र काल भेटलं. भिवाजी कालच निंघाला. त्यानं पत्र पुरं वाचलं नाई, नागपूर एवढंच वाचलं अन् सदरा आंगात घातला. हे पत्र पोचायच्या आधी तो तुमच्यापाशी पोचला असंन.

चंदाबाई रडून राह्यली. माफीसाठी नाई. म्या तिले आळशी म्हणली, म्या तिले आळशी म्हणली, एवढंच म्हणते. म्या समजावलं का तुले तरी काय मालूम होतं. पण घरात आता हंडा उचलायचा आवाज आला का ती गप होते.

रक्त लागंन असं भिवाजीच्या गँगमधले लोक म्हणतात. चौघं तयार हाय. मले पास भेटतो, पण सुट्टी भेटून राह्यली नाई, दुसरा काटेवाला आजारी हाय. पंधरा दिवसात येतो. तोवर कळवत राहा.

तुमच्यावर राग होता. हाय म्हणा. पण आता राग कुठं ठेवाव हेच समजत नाई. तुमी तुमची बोटं पाह्यली अन् लिवून पाठवलं, दुसरा असता तर गप राह्यला असता.

डॉक्टरले एक इचारा. हे काहून झालं? आमच्या पाण्यानं झालं का? आमच्या घरचं काई खाण्यात आलं का? चंदाबाईले हेच खाऊन राह्यलं.

माणिकराव


नागपूर,
ता. २९ मे १९७३

माणिकरावजी यांस जय भीम.

कशानं झालं, असं तुम्ही विचारलंत. पाण्यानं नाही. तुमच्या घरच्या अन्नानं नाही. चंदाबाईंना आधी हे सांगा, मग पुढचं वाचा.

इथे आल्यावर रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेतीन निघालं. तिसऱ्या दिवशी कमरेच्या हाडात सुई घालून आतलं काढलं. भिवाजी तिचे पाय धरून बसला होता. ती ओरडली नाही, फक्त त्याला म्हणाली, "हलकं धर, डाग पडंन." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हाडाच्या आत रक्त बनवणाऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत, तिथं चरबी भरली आहे. कागदावर इंग्रजीत नाव लिहून दिलं. अप्लास्टिक ॲनिमिया. मी ते चार वेळा वाचलं. शिक्षक आहे, शब्द वाचता येतो.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत कोणतं औषध घेतलं? पिकावर मारायचं विष हाताळलं? रंग, चिकटवायचं रसायन, असं काही?"

अंजना म्हणाली, "काही नाही."

मीही म्हटलं, "काही नाही."

हे मी तुमच्यापासून लपवू शकलो असतो. लिहायचं नाही असं ठरवलंही होतं.

डिसेंबरात मुदतीचा ताप आला तेव्हा कारंज्याच्या डॉक्टरांनी कॅपसुला लिहून दिल्या होत्या. त्यांनी बरोबरच केलं, ताप त्यानंच उतरला. चिठ्ठी त्यांनी चौदा दिवसांची दिली होती. मी ती जपून ठेवली. मला वाटलं, इतकं गुणाचं औषध आहे, घरात असावं. जानेवारीत ती तुमच्याकडे निघाली तेव्हा मी जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी आणल्या आणि पुडी करून तिच्या पिशवीत घातली. तापाच्या गोळ्या म्हणून तुम्ही ज्या लिहिल्यात, त्या ह्याच. मार्चमध्ये तिला कणकण आली, मी दिल्या. एप्रिलमध्ये तुम्हाला ते पत्र लिहिलं त्याच आठवड्यात पुन्हा दिल्या. कोणाला विचारलं नाही. गावात लोक मला औषधं विचारायला येतात. मी कागद वाचून सांगतो.

परवा अंजनाला फणफणून ताप भरला. नवीन डॉक्टर आले, तरुण होते. ते नर्सला औषधांची नावं सांगत होते आणि मला त्यातलं एक नाव ओळखीचं वाटलं. तेच होतं की नव्हतं, मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण मी त्यांच्या मागे धावत गेलो, वऱ्हांड्यात त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. कधी दिलं, किती दिलं, कितीदा. ते मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अंजनाच्या कागदावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात ते नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"हे हिला पुन्हा कधी द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलंत ते बरं झालं."

मी विचारलं, "यानंच झालं?"

"बहुतेक. नक्की कोणीच सांगू शकणार नाही. हे औषध रोज शेकडो लोक घेतात, त्यांना काही होत नाही. हजारोंत एखाद्याला असं होतं. कधी काहीच घेतलेलं नसतानाही होतं."

"पहिल्या वेळेनं झालं का मी नंतर दिलं त्यानं?"

त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या. त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्याकडे बेचाळीस खाटा आहेत.

भिवाजीला मी सांगितलं. तो म्हणाला, "मामा, चहा आणू का?" त्याच्या रक्ताची बाटली काल चढवली. गँगचे चौघं येऊन गेले, दोघांचं जुळलं.

मी थकलो आहे, माणिकरावजी. तुम्हाला राग आला तर तो तुमचा हक्क आहे.

देवमन


जऊळका स्टेशन,
ता. १० जून १९७३

देवमन गुरुजीले जय भीम.

पत्राले उत्तर द्यायले उशीर झाला. पयले दोन दिवस म्या पेन हाती घेतला नाई. घेतला असता तर नाई ते लिवलं असतं.

राग आला, लपवत नाई. लय आला. तुमी आमाले खुनी ठरवलं अन् पुडी तुमच्याच घरून आली. हे म्या चंदाबाईले बोललो. मले वाटलं ती शिव्या देईन. तिनं इचारलं, "गुरुजीनं स्वता सांगतलं?" म्हटलं, हो. तर म्हणे, "त्याईले तिथं जेवाले कोण देते?" अन् ज्वारीचं पीठ चाळाले बसली. सुट्टी आता भेटली, तिच्या हातच्या भाकरी घेऊन मी शुक्रवारी येऊन राह्यलो.

गुरुजी, त्या गोळ्या आमीबी तिले आठवणीनं देत होतो. ताप आला का चंदाबाई म्हणे, तुह्या बापाची गोळी घे. इतक्या गुणाची गोळी म्हणून म्या अर्धी पुडी शेजारच्या लखीरामच्या घरीबी दिली होती. लखीराम म्हणजे आमचा पोस्टमन. तुमचं पत्र वाचून म्या त्याच्या घरी पळालो. त्याच्या बायकोनं त्या खाल्ल्याच नोहत्या, फळीवर तशाच होत्या. म्या त्या संडासात टाकल्या. मंग तिथंच बसलो.

म्हणून मी तुमाले काय बोलू. मले कोणी पुडी दिली तशी म्या पुढं दिली.

माह्या रक्ताचं जुळते का ते पाहा म्हणा. वय त्रेपन्न हाय. चालते का इचारून ठेवा.

माणिकराव


धनज,
ता. २७ ऑगस्ट १९७३

माणिकरावजी यांस जय भीम.

अंजना जऊळक्याला नीट पोचल्याचं भिवाजीनं कळवलं. नागपूरहून सुटी मिळाली तेव्हा मी तिला विचारलं होतं, धनजला चल. ती म्हणाली, "मी माह्या घरी जातो." तिचा निर्णय मला योग्य वाटला.

डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते तुमच्यासाठी लिहून पाठवतो. भिंतीला चिकटवा. रोज सकाळी तिचे पाय उजेडात पाहावेत. नवे लाल ठिपके दिसले, हिरडीतून रक्त आलं, नाक गळलं, डोकं फार दुखलं, तर वाट पाहू नये. ताप आला तर घरचं काही देऊ नये, त्याच दिवशी वाशीमला न्यावं आणि तो लाल शाईचा कागद दाखवावा. दात घासायला राखुंडी नको, मऊ कापड घ्यावं. सुई टोचून घ्यायची झाली तर नंतर बराच वेळ दाबून धरावं. ॲस्प्रो वगैरे डोकेदुखीची गोळी अजिबात नको. रक्ताची बाटली सध्या दर तीन आठवड्यांनी लागेल. नागपूरला सुरू केलेल्या नव्या गोळ्यांचा गुण यायला चार-सहा महिने लागतात, कधी येतच नाही.

गावात मी आता कोणाला औषध सांगत नाही. लोक येतात, मी त्यांना कामरगावला गोमतीबाईंकडे पाठवतो. काहींना राग येतो. शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन फळीवरच्या जुन्या पुड्या मागतो. तीन घरांत त्याच कॅपसुला निघाल्या. तिन्ही घरांना त्या मीच सांगितल्या होत्या.

पोळ्याला येण्याचं तुम्ही लिहिलंत. शाळेची तपासणी आहे, जमणार नाही. दिवाळीच्या सुटीचंही सांगता येत नाही. भागिरथाला पाठवीन. तब्येत कळवत जा.

देवमन


जऊळका स्टेशन,
ता. १८ डिसेंबर १९७३

तीर्थरूप बाबांस अंजनाचा जय भीम.

माय दिवाळीत येऊन गेली. तुम्ही आला नाहीत. शाळेला एकवीस दिवस सुटी होती, मला माहीत आहे.

मामाजींनी तुमची सगळी पत्रं एका पिशवीत ठेवली होती. काल मी मागितली. ते आधी देईनात, म्हणाले, "कायले वाचतं आता?" मग दिली. मी दुपारभर वाचली. पहिल्यापासून ऑगस्टपर्यंतची, आणि त्यानंतरची चार कार्डंही. बाबा, सगळ्या पत्रांत मी आहे, माझे दंड आहेत, माझी नखं आहेत, माझी पापणी आहे. पण सगळ्या पत्रांवर नाव मामाजींचं. माझ्या नावाचं एकही नाही.

म्हणून मीच लिहिते. थोडं लिहिते, थोडं आडवं होते. हे तिसऱ्या दिवशीचं आहे.

आधी तब्येत. परवा वाशीमला रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात आहे. बाटली आता सात-आठ आठवड्यांनी लागते. पायावरचे ठिपके सप्टेंबरपासून नाहीत. डॉक्टर म्हणतात, हाडानं थोडं काम सुरू केलं असं दिसतं, पण किती दिवस करेल ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. ह्या गोळ्यांनी माझा आवाज जाड झाला आहे आणि ओठावर लव आली आहे. माय पाहून रडली. सासूबाई म्हणाल्या, "जीव राह्यला ना, मंग मिशीबी राहू दे." तुम्ही याल तेव्हा दचकू नका, म्हणून आधी सांगते.

आता दुसरं. मला मार्चच्या कितीतरी आधी कळलं होतं की काहीतरी बिघडलं आहे. चालताना कानात इंजिनाच्या वाफेसारखा आवाज यायचा. दंडावर डाग पडायचे आणि मला लागलेलं आठवायचं नाही. मी कोणालाच नीट सांगितलं नाही. इथे सांगितलं नाही, कारण दुष्काळात सगळ्याच बाया थकलेल्या होत्या. गिट्टी फोडून आलेल्या बाईसमोर मी कोणत्या तोंडानं म्हणणार की मी थकले? धनजला सांगितलं नाही, कारण तुम्ही माझ्या बाजूनं उभे होता. तुम्ही एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. गंगूआत्यासाठी जे करता आलं नाही ते तुम्ही माझ्यासाठी करत होता. मी म्हटलं असतं, बाबा, तुमच्या घरातही मला डाग पडतात, तर तुम्ही कुठे गेला असता? मी भिवाजीला दारातून परत जाताना खिडकीतून पाहिलं आणि तरी गप्प बसले. ते तुमचं नाही. ते माझं आहे. त्याला मी सांगितलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा "काही नाही" म्हणाले, ते मी विसरले म्हणून नाही. तुम्ही माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, आता कळून काय उपयोग, उगीच बाबांना. तुम्ही वऱ्हांड्यातून धावत गेलात तेव्हा मी शुद्धीत होते. चपलेचा आवाज ऐकला. तुम्ही परत आलात, खाटेपाशी बसलात, आणि तेव्हापासून माझ्याशी नीट बोलला नाहीत. डाळिंब सोलून दिलंत, पाणी दिलंत, कपाळावर पट्ट्या ठेवल्यात. पण तोंड फिरवून.

बाबा, मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. एखाद्या सकाळी उठवत नाही तेव्हा राग येतो. तुमचा येतो, गोळीचा येतो, कशाचाही येतो. मग जातो. तुम्ही समोर असता तर तुमच्यावर काढला असता आणि मोकळी झाले असते. तुम्ही तिकडे बसून स्वतःलाच शिक्षा देता आणि इथे मला रागवायलाही कोणी नाही. मामाजींवर रागावता येत नाही, ते लगेच बाटली द्यायला बाही वर करतात.

मला फार लिहवत नाही आता. एवढंच सांगते. जमेल तेव्हा या. आलात तर माझ्या पायांकडे पाहू नका, ते सासूबाई रोज पाहतात. माझ्याशी बोला. यायला जमतच नसेल तर पत्र लिहा, तब्येत न विचारणारं. यंदा शाळेत किती मुलं आली ते लिहा, मायला आता सुईत दोरा ओवता येतो का ते लिहा. आणि पाकिटावर माझं नाव घाला.

लखीराम दुपारच्या गाडीनं टपाल घेऊन येतो. मी त्या वेळेला दारातच बसलेली असते.

अंजना